हिवतापाच्या जंतूच्याही जाती असतात



या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहीत असतो. यावेळचा विषय हिवतापाचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने तापावर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. आम्ही डॉक्टर नाही, कृषी पदविका घेऊन तुमच्या बांधावर फिरणारी माणसे आहोत. पण फडावर आमच्या हातून एक चूक झाली. तिचे कारण शोधू लागलो तेव्हा वाचनात जे आले ते ऊस पिकवणाऱ्याला चटकन उमगेल असे निघाले. म्हणून हा लेख.

फडावरची गोष्ट

दोन हंगामांपूर्वी, दिवाळी होऊन गाळप नुकतेच सुरू झाले होते. राणीसावरगाव शिवारात तोड चालू होती. पाटाच्या कडेला टोळीच्या कोप्या पडल्या होत्या. सकाळी फडावर गेलो तर एक कोयता बसून. मुकादम म्हणाला, "साहेब, पोराला दिसाआड थंडी वाजून यायलीय. दुपारी हुडहुडी भरती, सांजच्याला घाम येऊन उतरतंय. दुसऱ्या दिशी काहीच नाही बघा."

पोरगा पावसाळाभर मुंबईकडे बांधकामावर राबून आला होता. दिसाआड थंडीताप म्हणजे हिवताप, एवढे आम्हालाही कळत होते. तालुक्याला गेलो तेव्हा एका दुकानातून गोळ्या आणल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या. रक्त तपासायला पाठवले नाही. दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी गडी ऊस तोडू लागला. उरलेल्या गोळ्या त्याने कोपीच्या पाचटात खोचून ठेवल्या. आपण मोठे काम केले असे आम्हाला वाटले.

सव्वा महिन्याने तो पुन्हा थडथडू लागला. त्याच्यामागे त्याची बायको पडली आणि मग कडेवरचे लेकरू. पाचटातल्या उरलेल्या गोळ्या तिघांनी वाटून घेतल्या. ताप हटेना. शेवटी आरोग्य सेविकेने तिघांच्या रक्ताचे नमुने घेतले, तिन्हींत हिवतापाचे जंतू निघाले. लेकराला दवाखान्यात ठेवावे लागले. लेकरू वाचले, पण कोयता तीन आठवडे बसला आणि उचल होती तशी डोक्यावर राहिली.

चूक त्या पोराची नव्हती, मुकादमाचीही नव्हती. रक्त न तपासता गोळ्या आणून देणारे आम्ही. बेण्याची जात न विचारता लागण करू नका असे तुम्हाला सांगत फिरणारे आम्ही, तापाची जात न विचारता औषध देऊन मोकळे झालो.

शोध लागला तो आपल्याच जुन्या राज्यात

हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात प्रथम पाहिला तो अल्फोन्स लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने, १८८० साली अल्जीरियात. पण तो अंगात शिरतो कसा हे कळत नव्हते. घाणेरड्या हवेने ताप येतो असाच समज होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत एका डासाच्या जठराच्या भिंतीवर हा जंतू वाढताना दिसला. तो डास हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला चावलेला होता. त्या वेळी आपला परभणी जिल्हा आणि सिकंदराबाद एकाच निजामी राज्यात होते. म्हणजे जगाला हिवतापाचे मूळ दाखवणारा शोध आपल्याच जुन्या राज्यात लागला. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वडीलधाऱ्या सभासदांना पुढचे आठवत असेल. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज सांगतात. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघर डी.डी.टी. फवारले गेले. भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जाणारा 'मलेरियावाला' गावागावांत ओळखीचा झाला. १९६५ च्या सुमारास देशात रुग्ण लाखाच्या आसपास उरले. सगळ्यांना वाटले, संपला हिवताप. आणि १९७६ साली पुन्हा चौसष्ट लाख रुग्ण झाले. डास डी.डी.टी.ला जुमानेनासे झाले होते, लोक आणि यंत्रणा दोन्ही सैल पडली होती, आणि काही भागांत जंतूही औषधाला जुमानेनासे झाले होते. आपला विषय या शेवटच्या कारणाचा आहे.

प्रकार वेगळा, जात वेगळी

आपल्याकडे हिवतापाच्या जंतूचे मुख्य प्रकार दोन. एक व्हायवॅक्स, दुसरा फाल्सिपेरम. मेंदूचा हिवताप होऊन माणूस दगावतो तो बहुधा फाल्सिपेरमने. जगात माणसाला होणारे आणखी प्रकार आहेत, पण आपला संबंध मुख्यतः या दोघांशी.

एवढे बऱ्याच जणांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की फाल्सिपेरम म्हटला तरी तो सगळीकडे एकच नसतो. ऊस म्हटला की सगळा ऊस एक का? को ७४० निराळा, को ८६०३२ निराळा, फुले २६५ निराळा. एकाला काणी लवकर लागते, एक पाण्याचा ताण सोसतो, एकाला साखर जास्त. तसेच फाल्सिपेरममध्ये शेकडो जाती आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सारख्याच दिसतात. फरक असतो तो जनुकांत, म्हणजे बेण्याच्या आतल्या गुणांत. २००२ साली शास्त्रज्ञांनी फाल्सिपेरमचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचून काढला. चौदा गुणसूत्रे आणि सुमारे ५,३०० जनुके निघाली. तेव्हापासून एका गावातल्या दोन रुग्णांचे जंतू एकाच जातीचे की दोन जातींचे, हे आरपार पाहता येऊ लागले.

माणसाच्या अंगात लागण, डासाच्या पोटात संकर

आता बघा, आपण ऊस कसा वाढवतो? टिपरी लावून. को ८६०३२ ची टिपरी लावली की को ८६०३२ च उगवणार. शंभर एकर लावा, जात तीच. नवी जात हवी असेल तर तुरा लागावा लागतो, नर-मादी फुलांचा संकर व्हावा लागतो, बी धरावे लागते. आपल्या हवेत तुरा आला तरी बी नीट धरत नाही, म्हणून संकर कोइमतूरला करतात. जातीच्या नावापुढचे 'को' ते कोइमतूरचेच. को ८६०३२ ही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निघाली. फुले २६५ चा संकर कोइमतूरला झाला आणि निवड आपल्या महाराष्ट्रात पाडेगावला झाली, म्हणून तिचे पूर्ण नाव कोएम ०२६५.

हिवतापाच्या जंतूचे असेच आहे. माणसाच्या रक्तात तो टिपरीसारखा वाढतो. एका तांबड्या पेशीत शिरतो, दोन दिवसांत एकाचे डझन-दोन डझन होतात, पेशी फुटते, प्रत्येक जण नवी पेशी धरतो. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजून येते, म्हणून ताप दिसाआड. या वाढीत नर नाही, मादी नाही. जी जात शिरली तीच वाढते. पण त्यांतले काही जंतू निराळे होतात, नर आणि मादी बनतात आणि रक्तात वाट पाहत राहतात. ॲनॉफिलिस जातीची डासाची मादी चावली की ते तिच्या पोटात जातात. तिथे नर-मादीचे मीलन होते, जठराच्या भिंतीवर गाठ धरते, तिच्यात हजारो नवे जंतू तयार होऊन डासाच्या लाळेत उतरतात. याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. मग तो डास ज्याला चावेल त्याच्या अंगात नवी लागण.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर माणूस हे शेत, आणि डासाचे पोट हे कोइमतूर.

डासाच्या एका जेवणात एकाच जातीचे नर-मादी पोटात गेले तर निपजणारे पुन्हा त्याच जातीचे. पण एखाद्या रुग्णाच्या रक्तात दोन जाती असतील, आणि दोन्हींचे नर-मादी एका वेळी डासाच्या पोटात गेले, तर संकर होतो. दोन्ही जातींच्या गुणांची सरमिसळ होते आणि पूर्वी कधी नव्हत्या अशा नव्या जाती जन्मतात. कोइमतूरला एका नव्या जातीसाठी शास्त्रज्ञ दहा-दहा वर्षे खपतात. इथे डास ते काम दोन आठवड्यांत, फुकट करतो.

जिथे हिवताप फार, तिथे जाती फार

जिथे वर्षानुवर्षे हिवताप ठाण मांडून आहे, जसे आफ्रिकेतले कित्येक देश, तिथे एका माणसाच्या अंगात एकाच वेळी दोन, तीन, चार जाती सापडणे नवलाचे नाही. डास वारंवार चावतात, प्रत्येक चावा नवे बेणे आणतो. तिथे संकर खूप आणि जातीही खूप.

याचा माणसाच्या प्रतिकारशक्तीवर मोठा परिणाम होतो. फाल्सिपेरम ज्या पेशीत राहतो तिच्यावर तो आपला एक अंगरखा चढवतो. शरीर त्या अंगरख्याला ओळखून मारू लागले की जंतू दुसरा चढवतो. असे सुमारे साठ अंगरखे प्रत्येक जंतूजवळ असतात, आणि निराळ्या जातीचे साठ निराळेच. म्हणून देवी किंवा गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही, तसे हिवतापाचे होत नाही. अनेक वर्षे, अनेक जातींचे ताप सोसल्यावर माणसाला अर्धवट प्रतिकार येतो. मग अंगात जंतू असूनही तो कामावर जातो, ताप दिसत नाही. लहान लेकरांना हा प्रतिकार नसतो, म्हणून मृत्यू जास्त लेकरांचे.

आपल्या राज्यात हिवतापाचे बहुतेक रुग्ण गडचिरोली आणि मुंबई या दोन भागांतले. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्या गंगाखेड-राणीसावरगाव भागातला गडी तिकडे रस्त्याच्या कामाला गेला तर त्याच्या अंगात हा प्रतिकार शून्य. तिथला माणूस ज्या चाव्याने दोन दिवस कणकणतो, त्याच चाव्याने आपला गडी बेशुद्ध पडू शकतो. घरी आल्यावर ताप आला तर 'प्रवासाचा शीण' म्हणून अंगावर काढू नये, ते याकरिता.

कमी हिवताप म्हणजे निर्धास्त नव्हे

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे हिवताप थोडा, म्हणजे जाती थोड्या, मग भीती कसली? इथेच एक खोच आहे, आणि आम्हालाही ती नवीच होती.

क्लोरोक्विन या गोळीने जगात कोट्यवधी लोक वाचवले. तिला न जुमानणारा फाल्सिपेरम १९५० च्या दशकाच्या अखेरीस दोन ठिकाणी पुढे आला, थायलंड-कंबोडियाची सीमा आणि दक्षिण अमेरिकेतला कोलंबिया. दोन्हीकडे हिवताप आफ्रिकेच्या मानाने कमी. आपल्या देशात तो १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँग भागात आढळला. आफ्रिकेत हिवताप सर्वांत जास्त, पण तिथे ही जात १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाहेरून जाऊन पोचली.

असे का व्हावे? जिथे हिवताप थोडा, तिथे कोणाच्याच अंगात प्रतिकार नसतो. जंतू शिरला की ताप येतोच, ताप आला की गोळी घेतली जातेच. म्हणजे जवळजवळ प्रत्येक जंतूची औषधाशी गाठ पडते. साध्या जाती मरतात, चिवट जात उरते. शेतात दुसऱ्या जाती नसल्याने तिला स्पर्धा नसते. आणि डासाच्या पोटात तिचा संकर तिच्याशीच होतो, त्यामुळे तिचे गुण भेसळ न होता तसेच पुढे जातात. एका जातीचे शुद्ध बेणे जसे शिवारभर पसरावे, तसे. जिथे जाती फार, तिथे संकराने चिवटपणाचे दोन गुण एकत्र येऊही शकतात, आणि जुळलेले गुण तुटूही शकतात.

म्हणून कमी हिवतापाच्या गावात अर्धवट गोळ्या घेणे जास्त हानीचे. अर्धी मात्रा म्हणजे कमकुवत जंतू काढून टाकणे आणि चिवटाला मोकळे रान देणे. आपण तणनाशकाची मात्रा निम्मी करून मारतो आणि पुढच्या साली तेच तण मारता मरत नाही, त्यातलाच प्रकार.

यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली ती दोन औषधे एकत्र देण्याची. चीनच्या तू यूयू यांनी एका वनस्पतीपासून आर्टेमिसिनिन हे औषध शोधले, त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले. फाल्सिपेरमला आता आर्टेमिसिनिनच्या गटातले औषध आणि जोडीला दुसरे औषध असा डोस देतात. एकाला चुकवणारा जंतू दुसऱ्याच्या हाती सापडतो. दोघांनाही चुकवणारा क्वचित. तरीही कंबोडियात आर्टेमिसिनिनला दाद न देणारी जात निघालीच. तिची जनुकीय खूण २०१४ साली सापडली. पुढे आफ्रिकेत रवांडा आणि युगांडातही अशा जाती तिथल्या तिथे उपजलेल्या आढळल्या. जोडीतले एकच औषध सुटे घेणे किंवा डोस अर्धा सोडणे, म्हणजे ही जोडी आपल्या हाताने फोडणे.

एक आशेची गोष्टही सांगतो. आफ्रिकेतल्या मलावी देशाने १९९३ साली क्लोरोक्विन वापरणे बंद केले. औषधाचा दाब गेल्यावर चिवट जात मागे पडली आणि कोपऱ्यात तग धरून राहिलेल्या साध्या जाती पुन्हा पसरल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेच क्लोरोक्विन तिथे जवळजवळ सर्व रुग्णांना लागू पडले. औषध जपून वापरले तर त्याची धार परत येऊ शकते, हा याचा अर्थ.

व्हायवॅक्सचा खोडवा

आमच्या फडावरच्या पोराला झाला होता तो व्हायवॅक्स. या प्रकाराची खोड निराळी आहे. त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. रक्तातले जंतू गोळीने मेले, ताप गेला, माणूस म्हणतो बरा झालो. पण बुडखा जमिनीत शाबूत असतो. तीन-चार आठवड्यांनी, कधी आठ-दहा महिन्यांनी तो फुटतो आणि ताप पुन्हा येतो. ऊस तोडला म्हणून बुडख्यातून खोडवा फुटायचा राहतो का?

यातही जातींचा खेळ आहे. काही जातींचा खोडवा लवकर फुटतो, काहींचा उशिरा. आपल्या देशात दोन्ही तऱ्हा आहेत. शिवाय उलटून आलेल्या तापातले जंतू पहिल्या तापातल्या जातीचेच असतील असे नाही. यकृतात निरनिराळ्या वेळच्या चाव्यांचे बेणे झोपलेले असते, त्यातले कोणतेही फुटते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत जगातल्या चार ठिकाणचे व्हायवॅक्स तपासले, त्यात एक भारतातला होता. व्हायवॅक्समधली विविधता फाल्सिपेरमच्या दुपटीच्या घरात निघाली.

हा बुडखा उखडायला प्रायमाक्विन ही वेगळी गोळी लागते, आणि आपल्या देशात ती चौदा दिवस घ्यायची असते. ताप तीन दिवसांत जातो आणि गोळ्या चौदा दिवस. इथेच आपली माणसे कंटाळतात. पण ही गोळी गरोदर बाईला, तान्ह्या लेकराला आणि रक्तातील एका दोषाच्या माणसांना चालत नाही, म्हणून ती डॉक्टरने सांगितल्यावरच घ्यायची. आम्ही दुकानातून आणल्या त्या गोळ्यांत ही नव्हतीच. आम्ही ऊस तोडला, खोडवा ठेवला. तोच खोडवा पाटाच्या डासांनी त्याच्या बायको-लेकराच्या अंगात लावला.

गोव्यात काय दिसले

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०१० पासून अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रदीप राठोड यांच्या पुढाकाराने दक्षिण आशियातील हिवतापावर संशोधन सुरू झाले. गोव्यात हिवतापाचे जे रुग्ण येत त्यांत बाहेरच्या राज्यांतून कामाला आलेले मजूर पुष्कळ. त्यांच्या रक्तातून देशातल्या निरनिराळ्या भागांतले जंतू एका ठिकाणी अभ्यासायला मिळाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तुलनेत असे दिसले की भारतातले फाल्सिपेरम एकमेकांना सर्वांत जवळचे. त्यांचे पुढचे भाऊबंद बांगलादेश आणि म्यानमारचे, मग थायलंडचे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतले दूरचे. म्हणजे जंतूचे गोत्रही भूगोलाप्रमाणे जाते, आणि ते माणसांच्या पायवाटांनी चालते.

यावरून टोळीला दोष देऊ नका, ही हात जोडून विनंती. आपल्या डोंगरपट्ट्यातलीच कितीतरी घरे दर साली कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथल्या बागायतदाराच्या दृष्टीने बाहेरचे ते आपणच. मजूर जंतू आणायला जात नाही, पोट भरायला जातो. त्याला रक्ततपासणी आणि पुरा डोस मिळाला तर जंतू त्याच्यापाशीच संपतो. मिळाला नाही तर तो आपल्या पाटावरच्या डासांत येतो, आणि पुढे तुमच्या-आमच्या घरात.

तपासणीला आणि लसीलाही जातींचा अडसर

गावात बोटाचा थेंब घेऊन कार्डावर लगेच तपासणी होते. फार सोयीची आहे. पण फाल्सिपेरम ओळखण्यासाठी ते कार्ड जंतूच्या एका विशिष्ट प्रथिनावर अवलंबून असते. ते प्रथिन बनवणारे जनुकच नाही अशा जाती पेरू देशात आढळल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले, नंतर आफ्रिकेतल्या इरिट्रियातही त्या मोठ्या प्रमाणात निघाल्या. कार्ड म्हणते ताप नाही, आणि जंतू अंगात. आपल्या देशातही अशा जाती थोड्याफार सापडल्या आहेत. म्हणून कार्ड कोरे आले आणि तरीही थंडीताप चालूच राहिला, तर काचपट्टीवरची रक्ततपासणी मागून घ्या.

लसीचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आरटीएस,एस या लसीची आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आर-२१ या लसीची शिफारस केली. आर-२१ ही ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधली आणि आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, ही अभिमानाची गोष्ट. पण दोन्ही लसी फाल्सिपेरमच्या एकाच जातीवर बेतलेल्या आहेत. आरटीएस,एसच्या चाचणीत, लसीशी जुळणाऱ्या जातीपासून मोठ्या बालकांना पहिल्या वर्षी सुमारे पन्नास टक्के संरक्षण मिळाले, न जुळणाऱ्या जातींपासून सुमारे तेहतीस टक्के. या लसी मुख्यतः आफ्रिकेतल्या बालकांना देतात. आपल्याला आज तरी तपासणी, पुरा डोस आणि डास न होऊ देणे, हाच आधार.

हंगामापूर्वी एवढे करावे

टोळी उतरली की मुकादमाने आशाताईंना किंवा आरोग्य सेवकाला कळवावे. गेल्या वर्षात कोणाला थंडीताप आला होता, कोण कुठे कामाला होते, हे विचारावे. ऊस नोंदीच्या वेळी आमचे कर्मचारीही हे विचारतील. उत्तर खरे द्यावे. त्यामुळे कोणाचा कोयता बंद होणार नाही.

थंडीताप आला की आधी रक्त, मग गोळी. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट आहे. ताप उतरला तरी सांगितलेले सगळे दिवस गोळ्या घ्यायच्या. कोपीत शिल्लक गोळी राहता कामा नये, आणि एकाची गोळी दुसऱ्याने खाऊ नये. लेकरू सुस्त पडले, झटके आले, लघवी काळपट झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कोप्या पाटापासून, साचलेल्या पाण्यापासून शक्य तितक्या दूर पाडाव्यात. पाटाची गळती बुजवावी, चारीच्या टोकाला पाणी तुंबू देऊ नये. हिवतापाचा डास गटारापेक्षा स्वच्छ, संथ पाण्यात जास्त होतो. डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होते, म्हणून आठवड्यात एक कोरडा दिवस पाळावा. विहीर, हौद, शेततळ्यात गप्पी मासे सोडावेत. ठिबक केलेल्या सभासदांच्या रानात पाणी साचतच नाही, ठिबकचा हाही एक फायदा मोजावा. मजुराला मच्छरदाणी देणे हा उचलीपेक्षा स्वस्त खर्च आहे.

शासनाने २०३० पर्यंत देशातून हिवताप हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. १९६५ साली आपण असेच काठावर आलो होतो आणि पुन्हा घसरलो. शेवटचे थोडे जंतू उरतात तेव्हा तेच चिवट असतात, हे या वेळी विसरून चालणार नाही.

तो पोरगा गेल्या हंगामात पुन्हा आपल्याकडे तोडीला आला होता. भेटल्यावर हसून म्हणाला, "साहेब, औंदा चौदाच्या चौदा खाल्ल्यात. रिकामं पाकीट ठेवलंय, दाखवू का?" आम्ही पाकीट पाहिले. मग फडाच्या कामाला लागलो.

आपला,
ऊस विकास अधिकारी